प्रकाशाची मोजपट्टी : आल्बर्ट मायकेलसन

सप्तर्षी ओळखता येत नाहीत असा मराठी माणूस विरळाच. उन्हाळ्याच्या रात्री अंगणात किंवा गच्चीवर अंथरुणे पसरल्यावर आजीने वा आजोबांनी बोट धरून पहिल्यांदा दाखवलेले तारे तेच असतात. विवाहविधीत वधूवरांना वसिष्ठ-अरुंधती दाखवण्याची रीतही आपल्या घरांतून चालत आलेली आहे. या वसिष्ठाच्या शेजारी, चौकोनाच्या बाजूला, जो तेजस्वी तारा दिसतो त्याला आपण अंगिरा म्हणतो. तो आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर आहे. नुसत्या डोळ्यांना तो इतर सहा ताऱ्यांसारखाच दिसतो. परंतु त्याच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला की त्याचे वेगळेपण उघड होते. खगोलशास्त्रज्ञ ज्यांना रासायनिकदृष्ट्या विलक्षण तारे म्हणतात, त्या वर्गातील हा सर्वांत तेजस्वी तारा. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमसारखी मूलद्रव्ये सर्वत्र सारखी पसरलेली नसून कोठे दाट, कोठे विरळ, अशा डागांच्या रूपाने साचलेली आहेत. तारा पाच दिवसांहून थोड्या अधिक काळात स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो आणि हे डाग आळीपाळीने आपल्यासमोर येतात.

साहजिकच प्रश्न पडतो, की मोठ्या दुर्बिणीतूनही जो केवळ एक बिंदू दिसतो, त्या बिंदूवरचे डाग माणसाने पाहावेत तरी कसे? या प्रश्नाचे उत्तर ज्या विद्येत आहे, तिला व्यतिकरणमापन म्हणतात. ताऱ्यांच्या अभ्यासात ती विद्या यशस्वीपणे वापरणारा पहिला माणूस एका लहानशा गावातून, परक्या देशात, परक्या भाषेच्या शाळेत जाऊन शिकलेला एक दुकानदाराचा मुलगा होता. आल्बर्ट अब्राहम मायकेलसन हे त्याचे नाव. आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवी ग्रंथात त्याच्या चरित्राला जागा मिळावी असे वाटण्याचे कारण त्याला मिळालेले नोबेल पारितोषिक एवढेच नाही. त्या चरित्राच्या आरंभी एक शाळा आहे, एक मुख्याध्यापक आहेत आणि एका खोलीत नीट पुसून ठेवलेली प्रयोगाची उपकरणे आहेत.

आल्बर्टचा जन्म १९ डिसेंबर १८५२ रोजी तेव्हाच्या प्रशियातील स्ट्रेल्नो या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील सॅम्युएल हे व्यापारी होते. मुलगा जेमतेम दोन-तीन वर्षांचा असताना कुटुंबाने मायदेश सोडला आणि न्यू यॉर्क व पनामाची संयोगभूमी असा लांबचा प्रवास करून ते कॅलिफोर्नियात पोहोचले. सोन्याच्या शोधात आलेल्यांनी तो प्रदेश त्या काळी गजबजला होता. सॅम्युएल मात्र सोने खणायला गेले नाहीत. खाणकामगारांना लागणारा माल विकण्याचे दुकान त्यांनी मर्फीज कॅम्प या वस्तीत थाटले. पुढे खाणी आटू लागल्यावर हे कुटुंब नेवाडातील व्हर्जिनिया सिटी या चांदीच्या गावी गेले. अशा फिरत्या वस्त्यांत शिक्षणाची सोय बेताचीच असायची. म्हणून आई-वडिलांनी आल्बर्टला सॅन फ्रान्सिस्को येथे नातेवाइकांकडे ठेवून शाळेत घातले. मुलाच्या शिक्षणासाठी त्याला डोळ्यांआड करण्याचा हा निर्णय त्या घराला किती जड गेला असेल, हे आपल्यापैकी अनेक पालकांना सांगावे लागणार नाही.

सॅन फ्रान्सिस्कोतील मुलांच्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक थिओडोर ब्रॅडली हे होते. या मुलाचे हात यंत्रांच्या बाबतीत विलक्षण कुशल आहेत हे त्यांनी हेरले. शाळेतील विज्ञानाच्या उपकरणांची देखभाल त्यांनी त्याच्याकडे सोपवली आणि त्याबद्दल महिन्याला थोडे वेतनही देऊ केले. भिंगे पुसणे, बिघडलेले यंत्र उघडून पुन्हा जोडणे, प्रयोगाची मांडणी करून ठेवणे, असे ते काम असे. पुढे साठ वर्षे हा माणूस जे काही करणार होता, त्याचे बीज या कामात होते. ब्रॅडली शिस्तीचे कडक होते. परंतु गणिताची गोडी आपल्याला त्यांच्याकडून लागली, ही कृतज्ञता मायकेलसन यांनी अखेरपर्यंत बाळगली.

शाळा संपली तेव्हा वडिलांची ऐपत महाविद्यालयाची नव्हती. अॅनापोलिस येथील नौदल अकादमीत मात्र शिक्षण विनाशुल्क मिळे. नेवाडातून एका जागेसाठी परीक्षा झाली, तीत आल्बर्ट बरोबरीने पहिला आला. पण जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. त्या भागाच्या लोकप्रतिनिधींनी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या नावे एक शिफारसपत्र दिले आणि सोळा वर्षांचा हा मुलगा, नुकत्याच पुऱ्या झालेल्या खंडपार रेल्वेमार्गाने, एकटा वॉशिंग्टनला निघाला. राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारात दहा नेमणुका होत्या आणि दहाही भरल्या होत्या. तरी त्याला अॅनापोलिसला जाऊन थांबायला सांगण्यात आले. तेथेही प्रथम निराशाच झाली, पण अखेर नियमाबाहेरची अकरावी नेमणूक करून त्याला प्रवेश मिळाला. आपल्या कारकिर्दीची सुरुवात एका बेकायदेशीर कृत्याने झाली, असे ते पुढे थट्टेने सांगत.

अकादमीत प्रकाशशास्त्रात त्यांचा पहिला क्रमांक असे, तर नौकानयनात ते वर्गाच्या शेपटाकडे असत. विज्ञानापेक्षा तोफांकडे अधिक लक्ष दिले तर देशाच्या काही उपयोगी पडशील, अशी कानउघाडणी तेथील वरिष्ठांनी केल्याचे सांगतात. १८७३ साली पदवी मिळाली, दोन वर्षे समुद्रावर गेली, आणि १८७५ मध्ये ते त्याच अकादमीत पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राचे शिक्षक म्हणून परतले. १८७७ मध्ये त्यांचा विवाह झाला.

याच सुमारास विभागप्रमुखांनी त्यांना एक साधे काम सांगितले. फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनी फिरत्या आरशाच्या साहाय्याने प्रकाशाचा वेग मोजला होता, तो प्रयोग विद्यार्थ्यांना वर्गात करून दाखवायचा होता. तयारी करताना मायकेलसन यांच्या ध्यानात आले, की फूको यांच्या मांडणीत प्रकाशाला जाऊन-येऊन फारच थोडे अंतर कापावे लागते आणि त्यामुळे मोजायचे विचलन एवढे सूक्ष्म होते की चूक होण्याला वाव राहतो. मांडणीत थोडा बदल केला तर हे अंतर कितीतरी पटींनी वाढवता येईल. आरसा त्यांनी जवळजवळ खिशातल्या पैशांतून करवून घेतला. पुढच्या, अधिक काटेकोर प्रयोगासाठी सासऱ्यांनी २,००० डॉलर दिले. समुद्रकाठच्या बांधावर सुमारे २,००० फुटांच्या अंतरावर आरसे उभारून १८७९ मध्ये त्यांनी प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,९१० किलोमीटर असल्याचे दाखवले. आज मान्य असलेला आकडा २,९९,७९२ च्या किंचित वर आहे. वर्गातील एका प्रात्यक्षिकाच्या तयारीतून सव्वीस वर्षांच्या शिक्षकाने जगातील सर्वोत्तम मापन केले होते.

पुढील शिक्षणासाठी ते १८८० मध्ये युरोपला गेले आणि बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. त्या काळी सर्व शास्त्रज्ञांची अशी दृढ समजूत होती, की ध्वनीला जशी हवा लागते तसे प्रकाशलहरींना वाहून नेणारे काहीतरी माध्यम सर्व अवकाशात भरलेले असले पाहिजे. त्या माध्यमाला ईथर म्हणत. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरते. म्हणजे धावत्या गाडीतील माणसाला वारा लागावा तसा पृथ्वीला ईथरचा वारा लागत असणार. हा परिणाम दहा कोटींत एक भाग एवढा सूक्ष्म असल्यामुळे तो मोजणे मानवी शक्तीबाहेरचे आहे, असे थोर शास्त्रज्ञ मॅक्सवेल यांना वाटत होते. मायकेलसन यांनी नेमके तेच मोजायचे ठरवले.

त्यासाठी त्यांनी जे उपकरण कल्पिले ते म्हणजे व्यतिकरणमापक. त्याची कल्पना अशी आहे. तळ्यात दोन खडे टाकले की दोन्हींची वर्तुळे एकमेकांत मिसळतात. जेथे लाटेवर लाट येते तेथे पाणी अधिक उचलले जाते आणि जेथे लाटेवर खळगा येतो तेथे पाणी शांत राहते. प्रकाशाचेही तसेच होते. पातळ चांदीचा मुलामा दिलेल्या तिरप्या काचेवर प्रकाशाचा झोत पडू दिला की अर्धा प्रकाश आरपार जातो व अर्धा परावर्तित होतो. काटकोनात गेलेले हे दोन झोत आरशांवरून परत आणून पुन्हा एकत्र केले की प्रकाशाच्या व काळोखाच्या आळीपाळीच्या पट्ट्या दिसतात. एका वाटेची लांबी किंवा प्रवासाला लागणारा वेळ तरंगलांबीच्या अल्पशा अंशानेही बदलला तर या पट्ट्या सरकतात. तरंगलांबी असते मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. म्हणजे पट्ट्यांकडे पाहून त्याहूनही लहान फरक डोळ्यांनी वाचता येतो.

उपकरणासाठी लागणारा पैसा दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी पुरवला. बर्लिनच्या रस्त्यांवरील वाहतुकीने पट्ट्या थरथरू लागल्या, म्हणून उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेत नेण्यात आले. १८८१ च्या वसंतात निरीक्षणे झाली, आणि ईथरचा वारा काही आढळला नाही. शिवाय गणितात एक चूक राहिल्याचेही इतरांनी दाखवून दिले. परिणाम अपेक्षेच्या निम्माच यायला हवा होता, म्हणजे हा निकाल निर्णायक ठरत नव्हता.

अमेरिकेत परतल्यावर ते क्लीव्हलँड येथील केस स्कूलमध्ये प्राध्यापक झाले. शेजारच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड मॉर्ली यांच्याशी त्यांचा तेथे स्नेह जमला. मॉर्ली वयाने मोठे, स्वभावाने सौम्य आणि कामात अतिशय चोख होते. पण ही वर्षे सुखाची नव्हती. अतिश्रमाने १८८५ मध्ये मायकेलसन यांचे मनःस्वास्थ्य ढासळले. उपचारांसाठी त्यांना न्यू यॉर्कला जावे लागले. ते आता पुन्हा काम करू शकणार नाहीत अशी सहकाऱ्यांना शंका वाटली, आणि संस्थेने त्यांना परत घेतले तेही कमी पगारावर. ते परतले तोच पुढच्या वर्षी आगीत संस्थेची इमारत भस्मसात झाली. मॉर्ली यांनी आपल्या इमारतीत त्यांना जागा दिली. मनाच्या आजारातून उठलेला, प्रयोगशाळा गमावलेला आणि आपल्या पहिल्या प्रयोगात चूक राहिल्याचे शल्य बाळगणारा हा माणूस पुन्हा तोच प्रयोग मांडायला बसला.

१८८७ च्या जुलै महिन्यात तो पुरा झाला. सुमारे दीड मीटर लांब-रुंद आणि तीस सेंटिमीटर जाडीची दगडी लादी पाऱ्यावर तरंगत ठेवली होती. तिच्यावर आरसे असे बसवले होते, की झोत वारंवार परावर्तित होऊन वाट अकरा मीटरांची व्हावी. लादीला हलकेच गती दिली की ती साधारण सहा मिनिटांत एक फेरी घेई आणि निरीक्षक तिच्याबरोबर चालत, उपकरणाला स्पर्श न करता, सोळा ठिकाणी पट्ट्यांची नोंद घेई. ईथरचा वारा असता तर पट्ट्या सुमारे ०.४ पट्टीने सरकायला हव्या होत्या. त्याच्या विसाव्या भागाएवढाही सरकाव आढळला नाही.

जे शोधायला निघाले ते सापडले नाही. मायकेलसन यांच्या लेखी हा प्रयोग फसला होता. परंतु सर्व काळजी घेऊनही नकार मिळतो, तेव्हा तो नकारच निसर्गाचे उत्तर असतो. लोरेंट्झ यांच्यासारख्या थोरांना या नकाराचा अर्थ लावताना पदार्थविज्ञानाचा पाया पुन्हा तपासावा लागला. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी विशेष सापेक्षतेचा सिद्धांत मांडला तेव्हा ईथरची गरजच उरली नाही. हा सिद्धांत थेट या प्रयोगातून जन्मला असे म्हणता येणार नाही, पण जगाने तो स्वीकारण्यात या प्रयोगाचा वाटा मोठा होता. स्वतः मायकेलसन मात्र ईथरवरची निष्ठा सोडू शकले नाहीत. पदार्थविज्ञानाची मोठी तत्त्वे सापडून गेली आहेत, पुढील शोध दशांशचिन्हानंतरच्या सहाव्या स्थळीच लागतील, असे त्यांनी १८९४ मध्ये म्हटले होते. त्यांच्याच प्रयोगाने उघडलेल्या दारातून एक नवे विश्व आत येत होते आणि ते त्यांना ओळखता आले नाही. थोरपणालाही मर्यादा असतात, हे या चरित्रातून नम्रपणे लक्षात घ्यावे.

क्लीव्हलँडनंतर ते क्लार्क विद्यापीठात आणि तेथून नव्याने स्थापन झालेल्या शिकागो विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख म्हणून गेले. दरम्यान पॅरिसजवळच्या सेव्हर येथे त्यांनी मीटर ही लांबी प्रकाशाच्या भाषेत मोजून दाखवली. कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाच्या १५,५३,१६३.५ तरंगलांबी म्हणजे एक मीटर. तिजोरीत जपलेली धातूची पट्टी उद्या हरवली तरी मानवजात तिची लांबी विसरणार नाही, याची सोय झाली. १९०७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातील नोबेल मिळवणारे ते पहिले अमेरिकी नागरिक. हा सन्मान त्यांच्या सूक्ष्म प्रकाशीय उपकरणांसाठी आणि त्यांनी केलेल्या वर्णपटीय व मापनविषयक संशोधनासाठी होता.

माणूस म्हणून ते सर्वांना जवळचे वाटत नसत. स्वभाव अबोल, शिस्त कडक, कामात दुसऱ्याचा हस्तक्षेप त्यांना खपत नसे. संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याचे कामही त्यांनी कंटाळून मिलिकन या तरुण सहकाऱ्याकडे सोपवले. पहिला विवाह १८९८ मध्ये मोडला आणि त्या विवाहातील मुलांपासून ते दुरावले. पुढच्याच वर्षी दुसरा विवाह झाला. त्या विवाहातील धाकटी मुलगी डॉरोथी हिने पुढे वडिलांचे चरित्र लिहिले. टेनिस, बिलियर्ड, व्हायोलिन आणि जलरंगांतील चित्रे हे त्यांचे विरंगुळे होते. भुंग्यांच्या पंखांवर किंवा फुलपाखरांवर चमकणाऱ्या रंगांचा त्यांनी शास्त्रीय अभ्यास केला, तोही चित्रकाराच्या डोळ्याने.

आता पुन्हा ताऱ्यांकडे वळू. ताऱ्याचा आकार व्यतिकरणाने मोजता येईल ही कल्पना फ्रान्सच्या फिझो यांनी १८६८ मध्ये सुचवली होती. मार्सेय येथे स्तेफान यांनी तसा प्रयत्नही केला होता, पण त्यांची दुर्बीण त्या मानाने लहान पडली. मायकेलसन यांनी १८९० मध्ये ही पद्धत स्वतंत्रपणे मांडली आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत गुरूच्या चार मोठ्या चंद्रांचे व्यास तिने मोजून दाखवले.

पद्धत समजायला अवघड नाही. दुर्बिणीच्या तोंडाशी एकमेकांपासून काही अंतरावरच्या दोनच जागांतून ताऱ्याचा प्रकाश आत घेतला आणि एकत्र केला, की ताऱ्याच्या प्रतिमेवर उभ्या पट्ट्या उमटतात. तारा खरोखरच बिंदू असता तर त्या दोन जागा कितीही दूर नेल्या तरी पट्ट्या स्पष्टच राहिल्या असत्या. पण तारा ही तबकडी आहे. तिच्या डाव्या कडेचा प्रकाश एक पट्ट्यांची रांग उमटवतो, उजव्या कडेचा प्रकाश किंचित सरकलेली दुसरी रांग उमटवतो. दोन जागांमधले अंतर वाढवत नेले की एका रांगेच्या उजळ पट्ट्या दुसरीच्या काळ्या पट्ट्यांवर येतात आणि सगळेच पुसले जाते. पट्ट्या कोणत्या अंतरावर नाहीशा झाल्या हे कळले, की ताऱ्याचा कोनीय व्यास साध्या गणिताने मिळतो.

गुरूच्या चंद्रांनंतर हे काम जवळजवळ तीस वर्षे पडून राहिले. पहिल्या महायुद्धात पासष्टीचे मायकेलसन पुन्हा नौदलाचा गणवेश घालून कामाला लागले. युद्ध संपल्यावर जॉर्ज हेल यांनी त्यांना कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत पाचारण केले. तेथे १०० इंची दुर्बीण नुकतीच उभी राहिली होती. पण अपेक्षित अंतरासाठी तीही अपुरी होती. तेव्हा तिच्या तोंडावर २० फुटांची पोलादी तुळई आडवी बसवण्यात आली व तीवर सरकणारे आरसे लावले. निवडलेला तारा आपल्या ओळखीचा होता : मृगातील तांबूस काक्षी, म्हणजेच आपले आर्द्रा नक्षत्र. १३ डिसेंबर १९२० च्या रात्री फ्रान्सिस पीझ यांनी आरसे दूर दूर नेले, आणि ते १२१ इंचांवर असताना काक्षीच्या पट्ट्या नाहीशा झाल्या. इतर तारे पाहून पीझ यांनी खात्री केली, त्यांच्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. काक्षीचा कोनीय व्यास ०.०४७ विकला निघाला. तेव्हाच्या माहितीनुसार हा व्यास सुमारे ३८ कोटी ६० लाख किलोमीटर येत होता. आपला सूर्य काढून त्या जागी हा तारा ठेवला तर पृथ्वीची कक्षा त्याच्या पोटात सामावेल. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचा आकार मानवाने प्रथमच मोजला होता. मायकेलसन यांना त्या आठवड्यात अडुसष्टावे वर्ष पुरे होत होते.

अखेरची वर्षे त्यांनी पुन्हा आपल्या पहिल्या प्रेमाला, प्रकाशाच्या वेगाला दिली. माउंट विल्सन आणि सुमारे ३५ किलोमीटरांवरचा दुसरा डोंगर यांच्यामध्ये प्रकाश पाठवून १९२६ मध्ये त्यांनी २,९९,७९६ हा आकडा मिळवला. तेवढ्यावरही समाधान न मानता, हवेचा अडथळा टाळण्यासाठी, त्यांनी एक मैल लांबीच्या निर्वात नळीत नवा प्रयोग मांडला. १९३१ च्या जानेवारीत पासाडेना येथे आइनस्टाइन त्यांना भेटले. प्रकृती खालावली होती, तरी अंथरुणावरून ते प्रयोगाची विचारपूस करीत आणि निबंधाचा आरंभ सांगून लिहवून घेत. ९ मे १९३१ रोजी त्यांचे निधन झाले. प्रयोग सहकाऱ्यांनी पुरा केला.

पीझ यांनी ५० फुटांचेही उपकरण उभारले, पण हवेची चंचलता आणि यंत्राची थरथर यांपुढे त्यांचे फारसे काही चालले नाही. हे काम पुन्हा जोमाने सुरू केले ते रॉबर्ट हॅनबरी ब्राउन यांनी. त्यांचा जन्म आपल्याच देशात, निलगिरीतील अरुवनकाडू येथे झालेला. ऑस्ट्रेलियातील नॅराब्राय येथे वेगळ्या तत्त्वावरचे व्यतिकरणमापक उभारून १९७४ पर्यंत त्यांनी ३२ ताऱ्यांचे व्यास मोजले. आणि ज्या माउंट विल्सनवर काक्षीच्या पट्ट्या मावळल्या, त्याच डोंगरावर आज एक मीटर व्यासाच्या सहा दुर्बिणी एकमेकींना जोडलेल्या आहेत. त्यांच्यातील सर्वांत मोठे अंतर ३३१ मीटर आहे. वीस फुटांची तुळई आता अशी वाढली आहे.

रासायनिकदृष्ट्या विलक्षण ताऱ्यांची कहाणीही याच डोंगराशी जुळलेली आहे. १९४० च्या दशकात होरेस बॅबकॉक यांनी येथेच कन्या राशीतील अशा एका ताऱ्याभोवती बलवान चुंबकीय क्षेत्र असल्याचे शोधून काढले. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र तेव्हा प्रथमच कळले. या ताऱ्यांचे वातावरण फार शांत असते, त्यात सूर्यासारखी घुसळण नसते. त्यामुळे काही मूलद्रव्यांचे अणू प्रकाशाच्या दाबाने वर येतात, काही गुरुत्वाने खाली बसतात, आणि चुंबकीय क्षेत्र त्यांना जागोजागी अडवून धरते. म्हणून डाग पडतात. आजवर या डागांचे नकाशे वर्णपटातील रेषांच्या हालचालींवरून, म्हणजे अप्रत्यक्षपणे, काढले जात आले आहेत. व्यतिकरणमापनाने ते प्रत्यक्ष पडताळता येतील अशी शास्त्रज्ञांची आशा आहे. तबकडीवर डाग असेल तर पट्ट्यांची ठळकता थोडी बदलते आणि त्यांची जागाही किंचित सरकते. तीन-चार दुर्बिणींच्या पट्ट्या एकत्र वाचल्या की डाग कोणत्या बाजूला आहे हे कळू शकते. पण काम कठीण आहे. उत्तर मुकुटातील अशा एका ताऱ्याचा व्यास माउंट विल्सनच्या या दुर्बिणींनी मोजला, तो विकलेच्या सुमारे चौदाशेव्या भागाएवढा भरला. एवढ्या तबकडीवरचा डाग ओळखायचा आहे. अंगिरा त्याहून मोठा दिसतो, म्हणून त्याच्याकडे अभ्यासकांचे विशेष लक्ष आहे.

मायकेलसन यांचे उपकरण असे त्यांच्यामागे कामाला येत राहिले आहे. मीटरची व्याख्याही १९६० मध्ये प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि १९८३ मध्ये प्रकाशाच्या वेगावर आधारण्यात आली. ज्या दोन गोष्टी त्यांनी आयुष्यभर मोजल्या, त्याच आता जगाच्या मोजमापाचा आधार झाल्या आहेत.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांना आणि आपली मुले विश्वासाने येथे पाठवणाऱ्या पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. आकाश निरभ्र असेल त्या रात्री मुलांना सप्तर्षी दाखवा. वसिष्ठ-अरुंधती दाखवून झाले की शेजारचा अंगिराही दाखवा, आणि त्याच्यावर डाग आहेत हे सांगा. ते कसे कळले असे मूल विचारीलच. तेव्हा त्याला दुकानदाराच्या मुलाची ही गोष्ट सांगा, आणि उपकरणांच्या खोलीची किल्ली विश्वासाने त्याच्या हाती देणाऱ्या मुख्याध्यापकांचीही सांगा. अशा किल्ल्या प्रत्येक शाळेत असतात. त्या योग्य हाती पडाव्यात, एवढी काळजी आपण सर्वांनी मिळून घ्यायची आहे.